तळाचं गार पाणी

१६ जून १९७४, रविवार

चारूला मिरजेहून बंगलोरच्या गाडीत बसवून आलो. तिथून गाडी बदलून कोचीन. एम्.एस्सी.चं दुसरं वर्ष. विषय — सागरशास्त्र!

कलियुगात काय काय वर्ज्य, ते मी दरवर्षी शाळेत संस्कृतच्या तासाला हसत हसत सांगतो. त्यात समुद्रप्रवास आहे. आता हसताना जरा जपायला हवं. कन्या विद्यापीठात पहिली येते आणि नेमकं वर्ज्यच निवडते. आमच्या घराण्यात आजवर कुणी कृष्णेत गळ्याच्या वर पाणी येऊ दिलेलं नाही.

काल जेवताना आईला शिकवणं चाललं होतं. म्हणे, अरबी समुद्राच्या अगदी तळाशी जे गार पाणी आहे ते तिथलं नव्हेच. दक्षिण ध्रुवाकडे बर्फाखाली तयार होतं आणि सरपटत इतकं लांब येतं. अनसूया म्हणाली, कशावरून? पाण्यावर काय नाव घातलेलं असतं?

"गारवा आणि खारटपणा बघायचा, आई. किती मैल आलं तरी पाणी आपली चव सोडत नाही."

"मग त्यात शिकायचं काय? मी सातारची. सव्वीस वर्षं झाली सांगलीला येऊन, माझी चकली अजून सातारचीच आहे."

चारू म्हणाली, तुलाच परीक्षक नेमायला हवं.

घर आता फार नीटनेटकं दिसतंय. नको इतकं.


९ ऑगस्ट

चारूचं पत्र. अक्षर उड्या मारतंय, म्हणजे मजकूर वाचायच्या आधीच समजलं.

नोव्हेंबरात एक परदेशी संशोधन-बोट कोचीनला लागणार. तिथून दक्षिणेला, बर्फ सुरू होतो तिथपर्यंत जाऊन येणार. विद्यापीठातून एकच विद्यार्थी घेणार. पहिला नंबर चारूचा, म्हणून तिचं नाव. आपल्याकडच्या बोटींवर मुलींना घेत नाहीत. या बोटीवर बायका आहेत, त्यांना चालतं. ही संधी गेली तर पुन्हा नाही, असं तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलंय. ती नाही गेली तर दुसऱ्या नंबरचा मुलगा सामान बांधूनच बसलाय.

शेवटी नेहमीचं — आईच्या पायांची सूज उतरली का?

अनसूयाने पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, तिला लोकरीचं काहीतरी विणायला हवं. बर्फावर कोणत्या मापाचं घालतात हो?


२ सप्टेंबर

सूज उतरली नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. मूत्रपिंडं थकली आहेत म्हणाले. बाईंनी फार दिवस अंगावर काढलं. मी विचारलं, आता? त्यांनी माझ्याकडे न बघता चष्मा पुसला.

आत आलो तर अनसूया विणत होती. म्हणाली, तुमचं तोंड म्हणजे वर्तमानपत्र आहे. मला वाचून दाखवायची गरज नाही.


१५ सप्टेंबर

आज तिने माझ्याकडून वचन घेतलं.

"चारूला तार करायची नाही. मी असेन तोवरही नाही, नंतरही नाही. ती बर्फ बघून येईल, मग सांगा."

मी म्हटलं, अगं, असं कुणी करतं का? ती मला जन्मभर क्षमा करणार नाही.

"न करू दे. बर्फ तर बघेल."

मग स्वेटरचा गळा पुढ्यात धरून विचारलं, मोठा होतोय का? मी म्हटलं, बरोबर आहे. मोठाच होता.


२९ सप्टेंबर

ओळखते. बोलत नाही.


३ ऑक्टोबर, गुरुवार

अनसूया सकाळी गेली.


६ ऑक्टोबर

हरिपूरला संगमावर अस्थी सोडल्या. कृष्णेचं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं, चारू पश्चिमेच्या काठावर. पण समुद्र सगळा एकच, असं तीच म्हणते. नकाशावरच्या रेघा आपल्या सोयीसाठी.

मेहुणे शरच्चंद्र सातारहून आलेत. वकील आहेत, दुःखातही उलटतपासणी सुटत नाही. कुणी सांगितलं? साक्षीला कोण होतं? बहिणीचं डोकं ठिकाणावर होतं का? शेवटी म्हणाले, "पोरीला आईचं तोंड दाखवलं नाहीत, चिंतामणराव. वचन वचन काय घेऊन बसलात?"

समोरच्या बनुबाई आल्या. मूळच्या आष्ट्याच्या, हवालदार हंबीररावांची बायको. दारातच उभ्या राहिल्या. "मास्तर, पोरीला अजून कळवलं न्हाईसा? लय वंगाळ केलंसा." थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "पर वैनी बोलल्या आसतील तर बोलल्या आसतील. त्यांच्या म्होरं तुमचं तरी काय चालतंय."

या घरातली खरी परिस्थिती फक्त त्यांना माहीत आहे.

सुतकाचे दहा दिवस अळणी जेवायचं. चारू तिकडे समुद्राचं मीठ मोजते, मी इकडे ताटातलं सोडलंय. दोघांचंही शास्त्रच.


१४ ऑक्टोबर

सातारच्या साप्ताहिकाला सांगलीचं बातमीपत्र पाठवलं. गेली बारा-पंधरा वर्षं पाठवतोय. ऊस, पाणी, नाट्यप्रयोग, शेवटी निधनवार्ता. सगळ्या गावाची माणसं मी चार चार ओळींत पोचवली. 'मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या' हे वाक्य तर इतक्यांदा लिहिलं, की संपादक मागे म्हणाले, मास्तर, सांगलीत एकही भांडखोर बाई मरत नाही का?

अनसूयाचं नाव घालता आलं नाही. ते साप्ताहिक टपालाने चारूलाही जातं.

भांडखोर होती. मनमिळाऊ अजिबात नव्हती. लिहायला मिळायला हवं होतं.


१६ ऑक्टोबर

चारूला पत्र लिहिलं. चेष्टामस्करी नेहमीसारखी. 'तुझी आई म्हणते, बोटीवर केस बांधून राहा.' हे खोटं नाही — ती म्हणालीच असती.

आयुष्यभर पोरांना सांगितलं, भूतकाळ आणि वर्तमानकाळ यांत घोटाळा करू नका.


५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीचा प्रश्न. चारू घराबाहेर गेल्यापासून दरवर्षी अनसूया फराळाचा डबा पाठवते. यंदा गेला नाही तर पोरगी लगेच विचारणार.

घरी काही करायचं नाही. गेल्या माणसाची पहिली दिवाळी. कढई चढत नाही. पण आपल्याकडे अशा घराला उपाशी ठेवत नाहीत. शेजारी आपण होऊन आणून देतात, दिवाळीच्याही आधी. बनुबाईंनी गुळाच्या करंज्या आणल्या, बडीशेप घातलेल्या. मागच्या गल्लीतून, चारूच्या मैत्रिणीच्या घरून, उपाध्यांकडून, चकल्या — जैन घर, लसूण नाही. सातारहून शरच्चंद्रांकडच्या वहिनींनी रव्याचे लाडू पाठवले. शाळेतल्या देशपांडे बाईंनी चिवडा.

मी काय केलं — सगळं एका डब्यात भरलं! अनसूयाचा पितळी डबा, तिच्याच पद्धतीने प्रत्येक थरावर कागद. कापडात शिवून पार्सल टाकलं. घरचा साग्रसंगीत फराळ. कोण ओळखणार? मला तर सगळ्या चकल्या चकल्यांसारख्याच लागतात.

स्वेटरही त्यातच घातला. गळा मोठाच राहिला.

पोस्टातून येताना स्वतःवर जरा खूश होतो. फार दिवसांनी.


१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

दिवा लावला. एकच. हंबीरराव येऊन नुसते बसून गेले. फौजेतल्या माणसाला ते चांगलं जमतं.


२५ नोव्हेंबर

चारूचं पत्र, बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी लिहिलेलं. आता ती समुद्रावर असेल.

डबा पोचला. फराळाबद्दल एकच ओळ — 'फराळ मिळाला, सगळ्यांच्या हातची चव आठवली.' स्वेटर अंगात घालूनच पत्र लिहिते म्हणे. कोचीनच्या उकाड्यात! पुढे लिहिलंय, बोट लागू नये म्हणून आठवडाभर बिनमिठाचं जेवतेय, आणखी काही दिवस जेवणार. हे कुठलं सागरशास्त्र, देव जाणे. मैत्रिणी हसतात म्हणे.

मग एक पूर्ण पान — 'आईला सांगा.' आईला सांगा, मी घाबरत नाही. आईला सांगा, तिच्यासारखी माणसांवर डाफरायला शिकलेय, त्याशिवाय बोटीवर निभाव लागणार नाही. आईला सांगा, तिला परीक्षक नेमणार होते ते विसरलेले नाही.

मी ते तसबिरीसमोर मोठ्याने वाचलं. वचन पाळलं, तर निरोपही पोचवायला हवेत.

एक लक्षात आलं. पायांच्या सुजेबद्दल अक्षरही नाही. इतके महिने प्रत्येक पत्रात विचारत होती. गडबडीत विसरली असेल. विसरली तर बरंच की!

तरी वाईट वाटलं. अनसूयाच्या वतीने वाटलं, असं म्हणू.


१९ डिसेंबर

शरच्चंद्रांचं कार्ड. 'मुलगी परत आल्यावर तिला तोंड कसं दाखवणार आहात?' वकिलांना उत्तर न देण्याचा हक्क आरोपीला असतो, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं. तो वापरला.




२० जानेवारी १९७५

मॉरिशसहून पत्र. बर्फ पाहिला!

लिहिते — आईला सांगा, बर्फ पांढरा नसतो. निळा असतो, कडेला हिरवट, आणि आवाज करतो. आईला सांगा, तारेला बाटल्या लावून खूप खोल सोडल्या आणि तळाचं पाणी वर आणलं. हात लावला तर हाडात कळ गेली. आमच्या समुद्रात पोचतं ते हेच. आईला सांगा, इथे उभं राहून मी तिला मोठ्याने हाक मारली. बोटीवरच्या एका बाईने विचारलं, काय म्हणालीस? मी म्हटलं, आमच्याकडे बर्फाला असंच म्हणतात.

वाचता वाचता थांबावं लागलं. बनुबाई दूध घेऊन आल्या होत्या. विचारलं, पोरगी बरी हाय न्हवं? म्हटलं, हो, फार बरी आहे. त्या म्हणाल्या, मग रडतायसा कशापायी?

किती खुशीत लिहितेय. पुढच्या महिन्यात मी हे सगळं मोडणार.


१७ फेब्रुवारी

बोट कोचीनला लागली. रविवारी सकाळी चारू मिरजेला उतरेल. सर म्हणतात, तिच्या कामावर पुढे संशोधनाची जागा मिळेल. सगळं अनसूयाच्या हिशेबाप्रमाणे झालं. आता फक्त माझं काम उरलंय.


२२ फेब्रुवारी

वाक्य तयार करतोय. संस्कृतात दुःखाच्या बातमीसाठी इतके सुंदर प्रयोग आहेत. एकही उपयोगाचा नाही. स्टेशनवर सांगू? टांग्यात? घरी आली तर दारातूनच आई म्हणून हाक मारील, त्याच्या आत सांगायला हवं.

स्टेशनवरच सांगेन.


२३ फेब्रुवारी, रविवार

गाडीतून उतरली. उन्हाने काळी झालेली, हातात पितळी डबा. मी तोंड उघडलं आणि वाक्य आलंच नाही.

तिनेच माझा हात धरला. "असू द्या, अण्णा. डबा उघडला तेव्हाच कळलं. बनुमावशींची करंजी, उपाध्यांची चकली, मामींचे लाडू. एवढ्या घरांचा फराळ एका घरी कधी येतो, ते मला माहीत आहे."

पुढे म्हणाली, तेव्हाच मिरजेचं तिकीट काढलं होतं, मग परत केलं. "तुम्हाला एकट्याला इतकं खोटं बोलायचं धाडस नाही. म्हणजे आईनेच सांगितलं असणार. मग जाणं भाग होतं."

मी म्हटलं, आणि ते 'आईला सांगा'?

"तुम्ही वाचून दाखवत असाल, असं वाटलं."

घरी आलो. तिने डबा ओट्यावर ठेवला. पान वाढलं तेव्हा तिच्या पत्रातलं बिनमिठाचं जेवण लक्षात आलं. मी मीठ वाढत होतो, आणि हात तिथेच थांबला.

"वाढा, अण्णा," चारू म्हणाली. "माझे दहा दिवस झालेत."