मध्ये थांबायचं नाही

धाकट्या, आशीर्वाद.

मी बरी आहे. हे दोनदा वाच आणि मगच पुढे जा.

परवा एका शेठच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाला आमचा बँड होता. शेठने बजावलं, "जोरात वाजवा. मध्ये थांबायचं नाही." एक गाणं संपलं आणि श्वास घ्यायला मी क्लॅरिनेट खाली घेतलं, तेव्हा मागच्या खोल्यांतून बाईची किंकाळी ऐकू आली. शेठची माणसं जुन्या भाडेकरूंना लोखंडी गजांनी मारून बाहेर काढत होती. तो आवाज दाबायला आम्हाला बोलावलं होतं.

पुढचं गाणं सुरू होत होतं, तेवढ्यात मी हात वर केला. सगळा बँड गप्प झाला आणि किंकाळ्या रस्ताभर पोचल्या. लोक मागे धावले. त्या बाईचा नवरा वाचला, पण त्याचा हात मोडलाय.

शेठच्या एका माणसाने माझंच क्लॅरिनेट हिसकावून माझ्या तोंडावर हाणलं. "घे, वाजव आता!" पुढचे दोन दात गेले, ओठाला टाके पडले. आमच्या ट्रॉम्बोनवाल्याने त्याला इतकं झोडपलं की ट्रॉम्बोनची नळी वाकली. हा शहाणा आता ती सगळ्यांना दाखवत फिरतोय.

दातांशिवाय क्लॅरिनेट फुंकता येत नाही. बँडमास्तरांनी मला मोठ्या ढोलावर घेतलंय, नवे दात बसेपर्यंत. या ओठाने पुन्हा फुंकता येईल का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांग, काम जोरात चाललंय. फोन मात्र लावून देऊ नकोस. माझ्या पहिल्याच शब्दाला तिला कळेल.

तुझी,
ताई