खुर्चीत बसायचं नाही

रविवार, २

रोजनिशी लिहायची म्हणून वही घेतली, त्याला महिना होऊन गेला. तेवढ्या दिवसांत तिच्यात नुसती वेलबुट्टी काढली आणि एका मांजराचं तोंड. उद्या उद्या करत राहिले. आज लिहितेच, कारण मला काम मिळालंय. मालिकांचे सेट उभे करणारे काका आहेत (सगळे त्यांना काकाच म्हणतात), त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून. शिवणाचा क्लास अर्धा सोडला, फोटोग्राफीचा पाव. आई म्हणते, तुझं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पण इथे चिंध्याच लागतात की. पडदे, पायपुसणी, विटके अभ्रे.

राहायला स्टुडिओच्या मागेच खोली दिलीय. खिडकीतून प्लायवूडचा ढीग दिसतो, त्यावर एक मांजर झोपतं. वहीतलं नव्हे, दुसरं.

मंगळवार, ४

सेटची भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेलं प्लाय, मागून टेकू. अशा तीन उभ्या करायच्या. चौथी बाजू कॅमेऱ्याची, ती उघडी. रंग मात्र नवा दिसता कामा नये. कडीजवळ हात लागून लागून काळपट, पलंगामागे डोक्याच्या तेलाचा डाग. मी दिवसभर चहाच्या पाण्याने भिंत म्हातारी करत होते. मजा आली.

सुतारकाम बघणारे मिस्त्री भिंत उभी करण्याआधी विचारतात, राहणार कोण? उत्तर मिळाल्याशिवाय खिळा ठोकत नाहीत. आणि एक नियम: खोली मांडून झाली की तिथलं सगळं तिथे राहणाऱ्याचं. आपली पिशवी ठेवायची नाही, कप उचलायचा नाही, खुर्चीत बसायचं नाही. बसलं तर काय, मी विचारलं. काका हसले, म्हणाले, पुढच्या शॉटला घोळ होतो. मिस्त्री हसले नाहीत.

शुक्रवार, ७

धाकटी बहीण आली. मी घरी विसरलेली ट्रंक द्यायला, दोन दिवसांसाठी. शूटिंगच्या फ्लोअरवर रिकामी बसली होती, सहज उठून तिने एका पडद्याची चुणी सारखी केली. काका म्हणाले, "हिला नजर आहे."

मला इतक्या दिवसांत एकदाही म्हणाले नाहीत. काम मी शोधायचं, चहाच्या पाण्यात हात मी बुडवायचे, आणि ही आयत्या बिळावर नागोबा.

मंगळवार, ११

काकांनी धाकटीला थांबवून घेतलं आणि दोघींना एकच काम दिलं. शिवणकाम करून एकटी राहणारी बाई. तिची खोली मांडा. बाई आत्ताच बाहेर गेलीय, येईलच, असं वाटलं पाहिजे. ज्या बहिणीची खोली मालिकेत घेतील ती काकांची असिस्टंट. दुसरीने घरी जायचं. मी घरी गेले तर आई काही बोलणार नाही, नुसती बघेल. ते मला नकोय.

मी मशीन ठेवलं, रिळं, कापडाचे तागे, कात्र्या, कॅलेंडर. काका म्हणाले, हे दुकान झालं. धाकटीच्या खोलीत एक खुर्ची, घडी न घातलेला चष्मा, चहाचा कप आणि उशीची अर्धवट शिवलेली खोळ, सुई तशीच टोचलेली. काका कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, हळू बोला रे, येईल ती. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मीच.

बुधवार, १२

केलं एकदाचं. जेवणाच्या सुट्टीत धाकटीच्या जुन्या, एकुलत्या एक चपला तिच्याच सेटवर, त्या खुर्चीखाली नेऊन ठेवल्या. एका चपलेचा पट्टा निळा, दुसरीचा तपकिरी. स्वतःची वस्तू सेटवर, म्हणजे काका तिला झापणार.

काकांनी पाहिल्या. म्हणाले, वा, बाईच्या मापाच्या नाहीत. म्हणजे ती कुणाचीतरी वाट बघतेय.

धाकटीला कळलं, हे कुणी केलं. मी चपला काढून घे म्हटलं तर म्हणाली, "आता त्या तिच्या झाल्या ना, ताई."

शनिवार, १५

खोळ वीतभर पुढे शिवली गेलीय. कपात ताजा चहा आहे, कोमट. धाकटी शपथ घेऊन सांगते की तिने हात लावला नाही. दुपारी सेटवरून तिला कुणी हाक मारली म्हणे, आई मारते तशी, लाडाच्या नावाने.

मी सुट्टीभर तिथे उभी राहिले. जेवलेही नाही. मला कुणी हाक मारली नाही.

भुतालासुद्धा धाकटीच आवडावी.

सोमवार, १७

धाकटी नाही. अंथरूण घडी करून ठेवलेलं, फोन बंद. चपला खुर्चीखालीच. खोळ पुरी झालीय, दुसरी सुरू.

मिस्त्री म्हणतात, भिंती उतरवा. काका म्हणतात, उद्या शूटिंग.

मला भीती वाटतेय. वाटतेय, पण — तिला नेलं. बोलावून नेलं. मी इथे आधीपासून, आणि —

मंगळवार, १८

दुपार. शूटिंग पुढे ढकललं. फ्लोअर रिकामा.

तिच्या चपला बाहेर फेकल्या. माझ्या ठेवल्या, पायांसकट. बसलेय. खुर्चीत बसूनच लिहितेय. किती माझ्या मापाची आहे —

दुसऱ्या हातात सुई. कधी घेतली —

आईचा फोन. धाकटी घरी पोचली. अनवाणी. "ती बाई सारखी बोलवत होती म्हणून पळून आले म्हणते. चपला घ्यायलासुद्धा आत पाऊल टाकलं नाही म्हणे. तू पण ये गं, कुणी काही बोलणार नाही तुला."

उठतेय. उठायचंय. पाय चपलांतून —

मिस्त्री बाहेरून सांगतायत, कुणी बाई आलीय. चष्मा राहिला म्हणते. खोली माझी म्हणते.

दारात आहे. बघतेय. चेहरा पडला तिचा, मला बघून. विचारतेय, ही कोण बसलीय, धाकटी कुठाय.

सांगते. मीच. मीच धाक—