दुखणं चपलेजवळ

प्रिय देवरावभाऊ,

तुमच्या तेरवीला तीन दिवस झाले. राग उतरला की लिहीन, असं ठरवलं होतं. उतरला नाही. आज रविवारची बैठक झाली, तुमच्याशिवायची पहिली. तिथं जे घडलं ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना. म्हणून जेवण तसंच ठेवून लिहायला बसले आहे.

असं का केलंत तुम्ही?

तेरवीच्या पंगती उठल्यावर सुमित्राबाईंनी मला आतल्या खोलीत नेलं. पिशवीतून कागद काढून माझ्या मांडीवर ठेवले. चंद्रपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. हृदय कमजोर झालं आहे, ताबडतोब नागपूरला दाखवा. चिठ्ठी पोळ्याच्या आधीची. आता होळी जवळ आली. चिठ्ठीखाली ब्रह्मपुरीच्या दुकानातल्या गोळ्यांच्या पावत्या होत्या.

"तुमाले तं सारंच मालूम असन, बाई," त्या म्हणाल्या. "मी म्हणो, नागपूरले चला. तं म्हणत, 'बाईकडे दर रविवारी बोलतो ना मी. सुधाकर औषधाचा माणूस हाय, तो म्हणते घाबराचं काम नाई.' म्हणून मी बी चूप राह्यली."

सुधाकरनं असं कधी म्हटलं, भाऊ? त्या बिचाऱ्याला तुमच्या छातीतलं काहीच माहीत नव्हतं. नागभीडच्या चौकात त्याचं स्वतःचं औषधाचं दुकान. आणि तुम्ही गोळ्या आणायला गाडीत बसून ब्रह्मपुरीला जायचात! त्याला कळू नये म्हणून! वर बायकोला सांगायचं की तोच सल्ला देतो. तुमच्यासारख्या सरळ माणसाला हे सुचलं कसं?

"बोलत होते ना ते तुमच्यापाशी?" सुमित्राबाईंनी विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

बोलला नाहीत, कारण माझ्या छपरीत, आपल्या बैठकीच्या जागी, बोलायची बंदी होती. बंदी मीच घातली होती.

आठवतं ना? बैठक सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. चौघांचे चार नाद. तुमची पाखरांची शीळ, सुधाकरचे जुने रेडिओ, पुष्पाचे मोबाइलमध्ये टिपलेले कोळी, माझी बाटल्यांतली धानाची जुनी वाणं. पण गप्पा कशाच्या? सुधाकरच्या साखरेच्या, पुष्पाच्या गुडघ्याच्या, माझ्या सुनेच्या. एका रविवारी मी चिडले. म्हटलं, हे काय दवाखान्याचं बाकडं आहे? यापुढे दुखणं आणि घरचं गाऱ्हाणं बाहेर चपलेजवळ ठेवायचं. जो आत आणील त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा. दंड!

तुम्हालाच सगळ्यात जास्त आवडला होता हा नियम. पहिला दंडही तुम्हीच भरलात. सुधाकर एक मुका रेडिओ घेऊन आला होता. तासभर खटपट केली तरी हूं की चूं नाही. तुम्ही म्हणालात, "सुधाकर, तुह्या घरी कोणीच तुह्याशी बोलत नाई का बे? ना रेडिओ, ना बायको?"

"दंड!" पुष्पा ओरडली. "घरचं काढलं!"

"मी त्याच्या घरचं काढलं, माह्या कुठी काढलं?"

"घर ते घर. उठा, भाऊ. अन् अद्रक कमी टाका, मागच्या खेपेले जीभ सोलून निघाली."

मागच्या खेपेला तुम्ही हौसेनं केला होता, दंड म्हणून नव्हे. तरी तुम्ही वाद घातला नाहीत. उठलात.

किती चांगल्या होत्या त्या सकाळी! पुष्पानं कोळ्याच्या रिकाम्या जाळ्याचा फोटो दाखवून हळहळावं आणि तुम्ही म्हणावं, "तुह्या कोळ्याचं सूत माह्या शिंजिरानं नेलं. घरटं बांधून राह्यली ते." मग सुधाकरनं विचारावं की ते सूत एरियलला चालेल का. मी वाळत घातलेल्या लोंब्या मुनिया खाऊन गेल्या तेव्हा तुम्ही त्यांची बाजू घेऊन माझ्याशी भांडलात. "त्यायनंच तं पहिलं खाल्लं, बाई. आपण मागून आलो." अंगणवाडीची मदतनीस, दुकानदार, रेल्वेचा चावीवाला आणि मराठीची मास्तरीण. दुसऱ्या कुठल्या कारणानं आम्ही एका चटईवर बसलो असतो का?

हे मी आता तुम्हाला गोड वाटावं म्हणून लिहीत नाही. पुढचं लिहायचं टाळते आहे, म्हणून लिहिते आहे.

पोळ्यानंतरचा रविवार. अंगणातल्या आंब्यावर हळद्या बोलला. तुम्ही नेहमीसारखं उत्तर द्यायला ओठ जुळवलेत. तुमची ती लांब, वळण घेणारी शीळ! हळद्या फसायचा, फांदी बदलून जवळ यायचा. त्या दिवशी शीळ मध्येच तुटली. पुन्हा घातलीत. पुन्हा तुटली.

तुम्ही छातीवर हात ठेवलात. म्हणालात, "दम पुरून नाई राह्यला जी."

आणि मी म्हटलं, "दंड! दुखणं काढलं!"

सगळे हसले. तुम्हीही. उठून आत गेलात. चहाला फार वेळ लागला. मी बाहेरून हाक मारली, "भाऊ, चहा पेरून उगवायची वाट पाहता का?" तुम्ही ट्रे घेऊन आलात तेव्हा कप एकमेकांवर वाजत होते. सुधाकरनं ते पाहिलं. त्यानं विचारलं, "भाऊ, हात काऊन कापून राह्यला तुमचा?"

हा प्रश्न त्यानं विचारला होता, देवरावभाऊ. विचारायला हवा होता त्याच माणसानं, विचारायला हवा होता तेव्हाच. आणि मी बोट उगारून म्हटलं, "विचारणाऱ्यालाही दंड. पुढच्या रविवारचा चहा सुधाकरचा."

बोलणं तिथंच संपलं.

त्यानंतर तुम्ही हळद्या सोडलात. तांबट धरलात. टुक, टुक, टुक. जिभेनं टाळूवर. त्याला दम लागत नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मी कौतुक केलं, भाऊ नवा पक्षी शिकले म्हणून. पुष्पानं टाळ्या वाजवल्या. तुम्ही मान झुकवून टाळ्या घेतल्यात!

माझी चूक मी मान्य करते. पण तुमची तुम्ही करा. एक खेळातला नियम तुम्हाला इतका मोठा वाटला? तीस वर्षं तुम्ही हातोडा घेऊन रूळ चाललात. रूळ आवळून धरणारी एक चावी ढिली दिसली तर लाल झेंडी दाखवून अख्खी गाडी उभी करायचात, आत कोण साहेब बसला आहे ते न बघता. मग चार रिकामटेकड्यांची बैठक थांबवायला काय झालं होतं? "चूप बसा, बाई, मी मरून राह्यलो," एवढं म्हणायचं होतं. मी दंड केला असता? कदाचित केलाही असता. मग माझ्या अंगावर ट्रे फेकायचा होता!

की तेवढे दोन तास तुम्हाला आजारी माणूस व्हायचंच नव्हतं? हे मला तेरवीपासून सुचतं आहे. सुचलं की राग कमी व्हायला हवा. होत नाही.

आज तिघं बसलो. मी चिठ्ठीचं सगळं सांगितलं. तुम्ही सुधाकरच्या नावावर काय खपवलंत तेही. तो डोळे पुसत म्हणाला, "माह्या नावानं सांगत होते? मले एकडाव तरी विचारलं असतं, बाप्पा."

मी म्हटलं, नियम रद्द. आजपासून आल्याबरोबर पहिलं तब्येतीचं बोलायचं. जो लपवील त्याला दंड.

कोणी हसलं नाही. मग पुष्पा मोबाइल चटईवर पालथा ठेवून म्हणाली, "बाई, माह्या काखेत गाठ लागून राह्यली हाताले. दिवाळीपासून."

दिवाळीपासून! दर रविवारी ती इथं बसत होती, भाऊ. तुमच्या शेजारी. तुम्ही दोघं एकमेकांना चहाचे कप देत होतात.

सुधाकरनं रेडिओ बाजूला सारला आणि तिला विचारायला लागला. दुखते का, वाढली का, ताप येतो का, घरी कोणाला सांगितलं का. एकामागून एक. पुष्पा उत्तरं देत राहिली. मी आत जाऊन चहा केला. दंड माझाच होता.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं पुष्पाला चंद्रपूरला नेतो आहोत. नागपूरला जा म्हणाले, तर तिथूनच नागपूरला जाऊ.

आणि एक वचन तुम्हाला. परतल्यावर, घरी येण्याआधी, मी सुमित्राबाईंकडे जाईन. त्यांना सांगेन की मी खोटी मान हलवली. तुम्ही आमच्यापाशी बोलत नव्हता. एकदा बोललात, आणि मी तुम्हाला चहा करायला पाठवलं.

तुमची,
नलिनीबाई