काकूंच्या पापडांवर गेलेला धूर

आई,

दाराला नुसती कडी आहे. मी शेजारी त्रिशलाकाकूंकडे गेलेय.

सकाळी तू कडेगावला गेल्यावर मी गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यात उसाची चिपाडं पेटवली आणि सोललेली कोंबडी त्या धुरावर शिजवायला ठेवली. व्हिडिओ बघून. डबा लय झकास धुमसला. मी आपली खुशीत नाचत होते, धूर कुठं जातोय ते बघितलंच नाही. तो सगळा पलीकडच्या गच्चीत, काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेला. काकू तेव्हा मंदिरात होत्या.

आल्यावर म्हणाल्या, "पोरी, पापडांना कसला गं वास येतोय?"

मी पटकन म्हणाले, "कुणीतरी शेतात पाचट पेटवलंय, काकू."

त्यांना ते पटलं. पापड गोळा करून घेऊन गेल्या. उद्या ते त्यांच्या चंदनाताईच्या सासरी जाणार आहेत. त्या घरात कांदासुद्धा चालत नाही गं, आई!

कोंबडी वरून काळी, आतून कच्ची. ती कुत्र्याला घातली.

आता खरं सांगायला जातेय. काकूंनी घरात घेतलं, तर नवे पापड मीच लाटून देईन. तू मागोमाग येऊन "लहान आहे ती" असं म्हणू नकोस.

शिवांजली