एक स्थानिक स्त्री

गुरुजी, तुमची फाइल उघडली. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली असली तरी आत्ता दारातून आत आलात, तर आईचे गुडघे कसे आहेत हे विचारण्याआधी तुम्ही फ्लॉपींची चौकशी कराल, याची मला खात्री आहे. सहांपैकी चार वाचता आल्या, दोन बुरशीने गेल्या. तुमच्या वह्या वाळवीने कधीच खाल्ल्या होत्या. म्हणजे तुमच्या शब्दसंग्रहाचं जे काही उरलं आहे ते या चार फ्लॉपींत, आणि तेही मी मनावर घेतलं म्हणून. नाहीतर तुमच्या ट्रंकेसकट भंगारात गेलं असतं आणि मला फारसं वाईटही वाटलं नसतं.

झालं असं, की मोखाड्याला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. पहिलीच्या मुलांना त्यांच्या घरच्या बोलीतून शिकवा, असं आता वरून आलं आहे. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मुलांच्या घरच्या शब्दांचा मान राखा.’ मला हसू फुटलं. चांगलं मोठ्याने हसले, सगळे वळून बघायला लागले. चहाच्या वेळी तुमच्या वेळचे एक निवृत्त मास्तर जवळ आले आणि म्हणाले, “तुझ्या वडिलांनी इकडच्या बोलीचे शब्द गोळा केले होते. कॉम्प्युटरवर घातले होते. ते काढ बाई बाहेर. आपण पुस्तिका छापू, गुरुजींचं नाव वर टाकू.” मी हो म्हणाले. हो म्हणताना माझे कान तापले होते. वहीत ‘नागली’ दिसली की लाल पेनाने आडवी रेघ मारून वर ‘नाचणी’ लिहिणारा माणूस! आवणी म्हटलं की ‘लावणी म्हण’, खुरासणी म्हटलं की ‘कारळे म्हण’. अख्ख्या पाड्याची जीभ पट्टीने सरळ केलीत तुम्ही, आणि आता बोलीच्या पुस्तकावर नाव तुमचं.

तुमचं ते मशीन, कचेरीने निर्लेखित करून मोडीत काढल्यावर तुम्ही उचलून आणलेलं, आईच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेलं, कधीच मेलं आहे. आम्हाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती, त्यामुळे ते मेल्याचंही कोणाला कळलं नाही. मी फ्लॉप्या घेऊन जव्हारला गेले. तिथल्या दुरुस्तीवाल्याने तळाच्या खणातून फ्लॉपी वाचायचं यंत्र शोधून काढलं, धूळ फुंकली, आणि फाइल उघडल्यावर स्क्रीनवर आकडे, कंस आणि इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ आली. तो म्हणाला, “ताई, लिपी आजची नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिलं त्यातच उघडणार. तो प्रोग्रॅम आजच्या लॅपटॉपवर चालत नाही. एम्युलेटर टाका.” एम्युलेटर म्हणजे काय, तर नव्या मशीनला जुनं मशीन असल्याचं सोंग घ्यायला लावणारा एक छोटासा प्रोग्रॅम. नशिबाने एका फ्लॉपीवर तुमचा तो मराठी लिहायचा प्रोग्रॅमही निघाला.

घरी खोडाळ्याला आल्यावर आठवडाभर डोकं आपटलं. प्रोग्रॅम चालू झाला तर इतका पळायला लागला, की एक कळ दाबली की दहा ‘क’ उमटायचे. मग कळलं, लॅपटॉपचा वेग उतरवावा लागतो. उतरवत उतरवत पार तुमच्या काळात न्यावा लागतो, तेव्हा कुठे तो जुना प्रोग्रॅम सरळ चालतो. काळा पडदा, पिवळी अक्षरं, आणि एकदम शुद्ध मराठीत मेनू. पण कुठल्या कळीला कुठलं अक्षर, हे काही केल्या समजेना. शेवटी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेला तुमच्या हातचा तक्ता सापडला. काना इथे, वेलांटी तिथे, खाली दोनदा अधोरेखित करून ‘घाई करू नये’. सतरा वर्षं झाली तरी तुम्ही मला घाई करू नये म्हणून सांगताय, आणि मी निमूट तुमच्या तक्त्याप्रमाणे बोटं ठेवतेय. इतका राग आला, की तो कागद टराटरा फाडावासा वाटला. फाडला असता तर एक अक्षर लिहिता आलं नसतं.

दुपारची वेळ होती. आई दळण निवडत बसली होती. तिला म्हटलं, गुरुजींचा जुना कॉम्प्युटर बघ, चालू झाला. तिने कोपऱ्यातल्या मशीनकडे बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे. तिला समजावं म्हणून मी म्हटलं, “बोहाड्यात माणूस देवाचा मुखवटा घालून नाचतो ना, तसं या लॅपटॉपने जुन्या मशीनचं सोंग घेतलंय.” मोखाड्याचा बोहाडा तिने लहानपणापासून पाहिलेला, तिला लगेच पटलं. “मं देव त्यो वरचा,” ती म्हणाली, “खालचा मानूस तं तुझाच.” आणि जवळ सरकून बसली. मी वाचून दाखवायला लागले. तुमचे तीन रकाने. शब्द. अर्थ. सांगणारा. पहिला शब्द वाचला, अर्थ वाचला, आणि तिसऱ्या रकान्यात होतं, ‘एक स्थानिक स्त्री’. दुसऱ्याला तेच. खाली तेच. पानांमागून पानं, एक स्थानिक स्त्री, एक स्थानिक स्त्री.

आईचा हात सुपात थांबला. “कोन ती बाई?” तिने विचारलं. “कठली?”

मला आधी समजलंच नाही ती काय विचारतेय. मग समजलं. तिला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुठल्यातरी बाईकडे जाऊन हे शब्द आणलेत. एवढ्या म्हातारपणी तिच्या चेहऱ्यावर तो संशय मी पाहिला, गुरुजी. तुमच्यामुळे. मी म्हटलं, आये, ती तूच. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “मनाच इचारला की सगला. शालेतून ये, चुलीजवल बसं, नं इचारं, याला काय सांगतास, त्याला काय सांगतास. मना वाटं, मास्तर माझ्याशी बोलं.” एवढं बोलून ती परत खडे निवडायला लागली. जरा वेळाने, वर न बघता, “माझा नाव याद नाय राहला का त्याला?” एवढंच.

मलाही ते दिवस आठवतात. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, वही होती. तुम्ही पाटावर, आई चुलीपुढे, भाकरी थापते आहे. हाताच्या भाकरीला काय म्हणता, राखेला काय म्हणता, सूर्यमाळच्या झऱ्याचं पाणी आटलं की कसं सांगता. ती हसते, सांगते, तुम्ही टिपता. सूर्यमाळच्या ज्या पाड्यावर ती वाढली त्याच्या शेजारच्याच पाड्यावर तुम्ही वाढलात. तुमच्या आईने तुम्हाला हेच शब्द घास भरवताना दिले असणार. पण तुम्ही असे विचारायचात, जणू काल पुण्याहून बसने उतरलात. आणि मी? मीही आहे तुमच्या फाइलमध्ये. ‘नागली’ या शब्दापुढे लिहिलं आहे, ‘इयत्ता तिसरीतील मुलगी’. ज्या दिवशी माझ्या वहीत तो शब्द खोडलात, त्याच दिवशी घरी येऊन तो स्वतःच्या वहीत टिपून घेतलात. माझ्या तोंडातून काढलात आणि खिशात घातलात. याला चोरी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

त्याच वर्षीची शिरपामाळची सहल. तुम्ही पुढे, आम्ही रांगेत. महाराज इथे थांबले होते, असं तुम्ही खणखणीत आवाजात सांगत होतात. तिथे शहरातून आलेली काही माणसं होती, गाडी लावून फोटो काढत उभी. त्यांतल्या एका बाईने माझ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि विचारलं, “बाळा, तुझे बाबा काय करतात गं?” मला इतका अभिमान वाटला. मी तुमच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, “यो माझा बा.” तुम्ही हसलात. ते हसू मला अजून दिसतं, दात दिसतात आणि डोळे नाहीत. तुम्ही त्या बाईंना म्हणालात, “इकडची मुलं सगळ्याच मोठ्या माणसांना बा म्हणतात हो. हळूहळू शिकतील.” ती माणसं कौतुकाने हसली. परत येताना रांगेच्या शेवटी मला मागे थांबवून कान पिरगाळलात. “चारचौघांत मी गुरुजी. ध्यानात ठेव.”

ठेवलं. इतकं ध्यानात ठेवलं, की घरीही गुरुजीच म्हणायला लागले. तुम्ही दोन-तीनदा चमकून बघितलंत, पण काही बोलला नाहीत. लग्नात पाया पडताना गुरुजी. दवाखान्यात तुमच्या नाकात नळी होती तेव्हाही, गुरुजी, पाणी हवं का. मला वाटतं तुम्हाला ते लागत होतं. लागावं म्हणूनच म्हणत होते. आणि नोकरी लागल्यावर पहिली काही वर्षं मीही लाल पेनाने नागलीची नाचणी केली, हेही ऐका. तो आजार तुमच्याकडूनच आला.

तर मी फाइलमध्ये ‘ब’ शोधत गेले. मला पाहायचं होतं, ते खोटं तुम्ही तिथेही लिहिलंय का. ‘बा: कोणाही मोठ्या पुरुषास’. असं लिहिलेलं सापडावं अशी माझी फार इच्छा होती. सापडलं असतं तर मी ते पान छापून त्या निवृत्त मास्तरांच्या पुढ्यात टाकलं असतं, म्हटलं असतं, हे बघा तुमचे गुरुजी. पण तिथे एवढंच आहे. शब्द: बा. अर्थ: वडील. दुसरा अर्थ नाही. आणि तिसऱ्या रकान्यात, चारही फ्लॉपींत मिळून फक्त या एकाच ठिकाणी, लिहिलं आहे, ‘स्वतः’.

हे मला का नाही सांगितलंत? काळ्या पडद्यावर, कोणी उघडणार नाही अशा फाइलमध्ये, खरं लिहायला काय धाडस लागतं? मी समोर होते. तीस पावलांवर भांडी घासत होते. मला बोलावून सांगायचं होतंत. मला हे कळून बरं वाटलेलं नाही. उलट राग ठेवायला एक जागा होती, तीही तुम्ही जाता जाता कमी केलीत.

मी कामाला लागले. त्या प्रोग्रॅममध्ये ‘शोधा’ आणि ‘बदला’ असे पर्याय आहेत. एका फटक्यात सगळं झालं असतं, पण मला असा एका फटक्यात बदला नको होता. प्रत्येक ‘एक स्थानिक स्त्री’ मी एकेक करून पुसली आणि तिथे आईचं नाव घातलं, तिचं माहेरचं नाव, पूर्ण, तुमच्या तक्त्यावर बोट ठेवून. रोज शाळेतून आल्यावर तासभर. आई शेजारी बसते. वाचता येत नाही, पण आपल्या नावाचा आकार तिला आता ओळखता येतो. एखादी ओळ राहिली तर बोट लावून दाखवते, “इठं राहला.” पुस्तिकेवर तिचंच नाव जाईल, हे मी मोखाड्याला कळवून टाकलंय. निवृत्त मास्तर नाराज झाले. होऊ देत.

‘इयत्ता तिसरीतील मुलगी’ होती तिथे माझं नाव घातलं. राहिली ती एकच ओळ. ‘स्वतः’ असं छापता येत नाही, तिथे कोणाचं तरी नाव पाहिजे. तुमचं मला घालायचं नाही. मी काय घालायचं ते पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आईच्या नावाचं काम साठवून झालं की ‘स्वतः’ पुसते आणि लिहिते, ‘एक स्थानिक पुरुष’. लिहिताना इतकं समाधान वाटतं, की काय सांगू. मग बाहेर पडायची कळ दाबते, आणि तो जुना प्रोग्रॅम विचारतो, बदल साठवायचे का, हो की नाही.

आज चौथ्यांदा लिहिलं. आणि खरं सांगायचं तर चारही वेळा मी ‘नाही’ दाबलंय. आईला हे सांगितलेलं नाही.