बद्द वाजणारा ठोकळा

नायगाव (पूर्व), टॉवर क्र. ३, सातवा मजला

प्रिय धर्मा,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, केळी कशी आहेत, आणि माझं नाव निघालं की हंसावहिनी अजून उठून आत जातात का? (आमची सौ. मीरा म्हणते, जात असणार, आणि बरोबरच करतात.) नायगाव ते तुझं गास, अंतर ते केवढं! पण फोन केला तर तू कापशील, पत्र निदान उघडावं तरी लागतं. पत्राचं कारण अगदी शेवटी आहे, तोवर फाडू नकोस.

तर मी सध्या ज्ञानकोश लिहितो. हसू नकोस. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा एक ज्ञानकोश आहे. त्यात आपल्या कार्बन ॲनोडवर मराठीत जेमतेम तीन ओळी, आणि सोबत फोटो चक्क शेगडीतल्या कोळशाचा! ज्या ठोकळ्यांशिवाय ॲल्युमिनियमचा चमचासुद्धा होत नाही, जे आपण कारखान्यात वर्षानुवर्षं भाजले, त्यांची ही किंमत. माझं डोकं फिरलं. नात ज्ञानदाने खातं उघडून दिलं आणि मी कोक-डांबर कालवण्यापासून भट्टीपर्यंत, मधे कँटीनच्या उसळीसकट, अकरा पानं लिहिली. दुसऱ्या दिवशी ‘चौकस’ नाव लावणाऱ्या कोणा संपादकाने त्यातल्या सहा ओळी ठेवल्या. भाजलेला ठोकळा सळईने ठोकून आवाजावरून तडा ओळखायची पद्धत तर साफ उडवली. का, तर संदर्भ नाही. मी कळवलं, अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय. उत्तर आलं, स्वतः पाहिलेलं चालत नाही, छापलेलं दाखवा. (मला पुरावा मागणारं कोणीतरी भेटलं म्हणून मीराने त्या दिवशी शिरा केला.)

ज्ञानदालाही पटेना, म्हणून आवाजातला फरक दाखवायला मी घरातल्या फरशा लाटण्याने ठोकल्या. चौदा पोकळ निघाल्या. नवा टॉवर, नवी फरशी! बातमी पसरली आणि गेले दोन महिने मी लाटणं घेऊन मजले चढतोय. चहा मिळतो. सोसायटीच्या सभेत माझ्या युक्तीबद्दल टाळ्याही झाल्या, आणि मी त्या घेतल्या. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही, कारण अशाच टाळ्या मी पूर्वी एकदा घेतल्या होत्या आणि तेव्हा तू मागच्या रांगेत उभा होतास.

सळई माझ्या हातात पहिल्यांदा तूच दिलीस. “सायेब, यो बद्द वाजते, यो पॉटमदी टिकनार नाय.” मी हसलो. तिसऱ्या दिवशी तो ठोकळा वितळलेल्या धातूच्या पॉटमध्ये तुटला आणि तुकडे काढताना माझ्या भुवया जळल्या.

परवा माळ्यावर कारखान्याचं १९९८चं गृहपत्रक सापडलं. त्यात ही पद्धत सविस्तर छापली आहे, माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट. तुझं नाव घालायला जागा नव्हती असं मी तुला सांगितलं होतं. फोटोला होती. त्याच वर्षी तू नोकरी सोडून गासला परतलास. मला लाज वाटते, धर्मा. इतकी वर्षं वाटत होती, बोललो नाही.

असो. गृहपत्रक पाहून चौकस खूश झाला आणि पद्धत ज्ञानकोशात परत आली, एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार (त्या आत गेल्या असल्या तरी).

तुझा,
शांताराम

ता.क. – पद्धत परत आली ती “शांताराम यांनी शोधली” अशी. मी ते खोडून तुझं नाव घातलं. चौकसने अर्ध्या तासात पुन्हा माझं केलं. म्हणतो, छापील पुरावा शांतारामच्या बाजूने आहे, आपण कोण? मी लिहिलं, मीच शांताराम. तर म्हणे, त्याचाही संदर्भ द्या.

ता.क. २ – वसईच्या एका साप्ताहिकात लिहिणारी हेमांगी म्हणून मुलगी आहे. रविवारी सकाळी तिला घेऊन तुझ्याकडे येतोय. सळई कोणाची, कान कोणाचा, नाव कोणी लाटलं, सगळं सांग. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही दे, फक्त सावकाश, तिला उतरवून घेता आल्या पाहिजेत. छापून आल्याशिवाय ज्ञानकोशात काही खरं धरत नाहीत.