सुनेसमोर

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुला म्हणून सांगतो, लघवीतून रक्त जातंय. पण दवाखान्यातली फजिती ऐक. इथे परदेशात डॉक्टरला मराठी येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही, आणि मुलगा बोटीवर. म्हणून मधे बसते सूनबाई. डॉक्टरने काहीतरी विचारलं, तशी पोर कानापर्यंत लाल झाली. खाली बघून म्हणाली, लघवीला काही त्रास होतो का, असं विचारतायत. मी म्हटलं, छे! आता सुनेला काय रंग सांगत बसू? गुडघ्याच्या गोळ्या घेऊन आलो.

कुणाला सांगशील तर माझी शपथ आहे. लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझा दादा

ता. १५ मार्च

चि. सौ. सूनबाईस, आशीर्वाद.

दादाने घातलेली शपथ मोडतोय, पाप लागायचं ते मला लागो. त्याच्या लघवीतून रक्त जातंय. तुझ्यापुढे लाजतो, म्हणून दडवतो. लहानपणी पायात खिळा घुसला होता, तेव्हाही हा शहाणा चपलेलाच नावं ठेवत लंगडत होता. डॉक्टरांना लगेच सांग, बाई. मी इथे नुसता हात चोळत बसलोय.

माया आहेच, ती वाढव.

काका

ता. २ एप्रिल

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. लगेच बाबांना घेऊन गेले, डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्यांनाच विचारा. लाज गुंडाळून ठेवली आणि विचारलं. बाबा कॅलेंडरकडे बघत म्हणाले, धाकट्याला थापा मारायची खोडच आहे. आणि तेही डॉक्टरांना मीच सांगायचं! इथे फोनवरही दुभाषा मिळतो, पण मराठीचा नाही. शेवटी नळी घालून आत बघायची तपासणी ठरली. ते बाबांना समजावताना मला रडूच फुटलं.

तपासणीच्या दिवशी मी तयार होईपर्यंत बाबा एकटेच निघून गेले. धावत गेले, तर दवाखान्याच्या दाराशीच भेटले, अगदी खुशीत! आत नर्सने कपडे काढायची खूण केली म्हणे, तशी यांनी हात जोडले आणि बाहेर आले. वर मलाच म्हणाले, बघ, तुझ्यावाचून काही अडत नाही. मी किती विनवलं, पण आता दवाखान्याचं नाव काढलं की उठून जातात. बोटीवर निरोप ठेवलाय, ह्यांचा अजून फोन नाही.

आज सकाळी संडासात पाणी टाकूनही लाल राहिलं होतं. मी ते पुसलं आणि बाबांना चहा दिला.

लोभ आहेच काका, या वेळी उपाय कळवा.

आपली सून